ठिणगी म्हणजे लूज कॉन्टॅक्ट

मागचा अंक रात्रपाळीला जाताना विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाकावर बसून वाचला. गाडी लेट होती म्हणून कविता दोनदा वाचल्या. ठिणगी सात ठिकाणी, वणवा चार ठिकाणी, विजेचा लोळ दोनदा, आणि सूर्य किती ते मोजायचं सोडून दिलं. यातली एक कविता माझीच आहे, तेव्हा मी काय दुसऱ्याच्या घराकडं बोट दाखवत नाहीये. शेजारी आमच्या गल्लीतले वायरमन बसलेले, मामा म्हणतात त्यांना सगळे. अंक त्यांच्या हातात दिला. मामा ओठ हलवत वाचतात, पण एक शब्द सोडत नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाले, "एवढ्या ठिणग्या उडतायत, म्हंजे कॉन्टॅक्ट लूज हाय कुठंतरी. आवळून घ्या."

मामा चेष्टा करत नव्हते. त्यांच्या धंद्यात ठिणगी ही वाईट खूण आहे. स्क्रू पुरता आवळला नाही, तारेला पीळ नीट बसला नाही, की तिथं ठिणगी पडते. पितळ काळं पडतं, होल्डर वितळतो, आणि एखाद्या रात्री अख्खी चाळ पेटते. पेटते ती चाळ कुणाची असते हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको. ज्या शब्दाला आपण क्रांती समजून वापरतो, तो आपल्याच गल्लीत घर जाळतो. मग म्हटलं, पुढची कविता लिहायच्या आधी या लोकांचे शब्द एकदा तपासून घेऊ. आणि त्यांच्या शब्दांवर आपलेही शब्द तपासू.

मराठीत वीज म्हणजे आभाळातली आणि तारेतलीसुद्धा. आम्ही कवी लोकांनी आभाळातली उचलली. ती कडाडते, कोसळते, आणि तिचं बिल येत नाही. वस्तीत वीज कुणी म्हणत नाही. लाईट म्हणतात. लाईट आली, लाईट गेली, लाईटबिल, लाईटीचा खांब, लाईटवाला. पंखा फिरतो तो लाईटीवर आणि पीठगिरणी चालते तीही लाईटीवर. शुद्ध मराठीवाले याला हसतात. पण ज्याच्या घरात तारेतून पहिल्यांदा काही आलं ते म्हणजे एक पिवळा बल्ब, आणि पंखा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला, तो माणूस त्या सगळ्या प्रकाराला लाईटच म्हणणार. त्या शब्दात आपल्या घरांचा इतिहास आहे, कुणी लिहून ठेवला नाही एवढंच. कल्याणकडची जुनी माणसं अजून 'पावर' म्हणतात. ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं वीजघर होतं, चोळा पॉवर हाऊस, त्याची ती सावली असावी असं मला वाटतं. एमएसईबीच्या २००५ साली वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण गल्लीत अजून 'बोर्डाचा माणूस' येतो. भाषा इतक्या लवकर कंपनी बदलत नाही.

इथं एक गोष्ट बोलून टाकतो, राग आला तरी चालेल. बाबासाहेबांना आपण सूर्य म्हणतो, महासूर्य म्हणतो. म्हणा. पण १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा कारभार त्यांच्याकडं होता, हे आपल्या किती कवितांत आहे? २५ ऑक्टोबर १९४३ ला वीजपुरवठ्याच्या धोरण समितीपुढं त्यांनी भाषण केलं. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या त्यांच्या इंग्रजी खंडांपैकी दहाव्या खंडात ते आहे. मी डिक्शनरी घेऊन चार रविवार लावले तेव्हा कुठं संपलं. त्यात वीज कडाडत नाही. वीज खाजगी मालकाच्या हातात असावी का सरकारच्या, ती स्वस्त आणि भरपूर कशी मिळेल, आणि या देशाला ती मुळात पाहिजे कशाला, असं सगळं रोखठोक आहे. पाहिजे कशाला, तर उद्योगधंदे वाढून माणूस गरिबीच्या फेऱ्यातून सुटावा म्हणून. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं. १९४८ च्या वीज कायद्यानं राज्याराज्यांत वीज मंडळं आली, त्याची तयारीही याच काळातली. म्हणजे ज्यांनी विजेच्या दराचा विचार केला त्यांना आपण आभाळात नेऊन बसवलं, आणि दराचा विचार बिलाच्या रांगेत उभ्या असलेल्या आईवर सोडून दिला. मामा निदान युनिट किती पडले ते विचारतात.

आता सरकारी मराठी. १९६० साली भाषा संचालनालय निघालं आणि शब्द पाडायचा कारखाना सुरू झाला. त्यांच्या 'पदनाम कोशा'ला अत्र्यांनी 'बदनाम कोश' म्हटलं होतं. मी अत्र्यांसारखा सरसकट हसणार नाही. फ्यूजला वितळतार म्हणतात हे मला आवडतं. तार वितळते आणि घर वाचतं, शब्दातच काम सांगितलंय. पण ट्रान्सफॉर्मरला रोहित्र? वस्तीत त्या सगळ्या सांगाड्याला डीपी म्हणतात. खरं म्हणजे डीपी ही खालची पेटी, पण डीपी उडाली म्हटलं की कुणाची लाईट जाणार ते लहान पोराला कळतं. शॉर्टला पुस्तकात लघुपरिपथन. हा शब्द पुरा उच्चारेपर्यंत वायर जळून जाईल. आयटीआयच्या जाहिरातीत इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री आणि वायरमन म्हणजे तारतंत्री. तारतंत्री ऐकून माझ्या आईला वाटलं की पोरगं तारा जोडायला नाही, सतार शिकायला चाललंय. खांबावर चढणाऱ्या लाईनमनला जनमित्र असं नाव मिळालं, आणि नव्यानं भरती होणाऱ्याला विद्युत सहाय्यक म्हणून पहिली तीन वर्षं मानधनावर ठेवतात. पगार आणि मानधन यातला फरक ज्याला कळला त्याला परिभाषा कशासाठी असते तेही कळलं.

पण सगळ्यात मोठी चूक एका शब्दात आहे. न्यूट्रल. पुस्तकात त्याला तटस्थ तार म्हणतात. तटस्थ म्हणजे काठावर उभा राहून पाहणारा, पाण्यात न उतरणारा. मामांना हे सांगितलं तर ते खरंच चिडले. म्हणाले, "काठावर कसला? सगळं माघारी त्याच्यातूनच जातं की." आणि मग चहाच्या टपरीवर बशीत पाणी सांडून बोटानं काढून दाखवलं. खांबावरून तीन फेज येतात, लाल, पिवळा, निळा. गल्लीतली घरं तिघांवर वाटलेली. न्यूट्रल काळा, सगळ्यांना मिळून एक. तो मागं डीपीजवळ तुटला की घराघरातले व्होल्ट वेडेवाकडे होतात. ज्या फेजवर लोड जास्त तिथं दाब पडतो आणि जिथं लोड कमी तिथं चढतो, दोनशे तीसच्या जागी साडेतीनशेच्या वर जातो. म्हणजे ज्या घरात एक बल्ब आणि एक टीव्ही, त्याच घरातला टीव्ही आधी जळतो. फ्रीज, एसीवाल्याच्या बाजूला नुसते पंखे मंद होतात. असा हा तटस्थ. मला पुस्तकातल्या त्या तारेपेक्षा आपल्याकडचे तटस्थ समीक्षक आठवले. कवितेत आक्रोश फार, कलात्मक अंतर कमी, असं काठावरून सांगणारे. त्यांनी एकदा तुटलेला न्यूट्रल बघावा.

समीक्षेसाठी वायरमनकडं एक हत्यार आहे, खिशाला लावलेला टेस्टर. पाच-पन्नास रुपयांची वस्तू. टोक तारेला लावायचं आणि मागच्या धातूच्या टोपीवर बोट ठेवायचं. आतला बारका दिवा पेटतो कशानं? करंट टेस्टरमधून तुमच्या अंगात येतो आणि तुमच्या पायातून जमिनीत जातो. आत मोठा रोध असतो म्हणून तो इतका थोडा येतो की कळत नाही. बोट लावलं नाही तर तार जिवंत असूनही दिवा पेटत नाही, आणि तुम्ही म्हणता, "यात काही नाही." सुक्या लाकडी स्टुलावर उभे राहिलात तर दिवा मंद दिसतो. आपल्या साहित्याबद्दल जे लिहून आलं त्यातलं पुष्कळसं स्टुलावरून लिहिलेलं आहे. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांनी ढसाळांबरोबर त्या वस्तीत फेरी मारली आणि आपल्याला कळले नाहीत ते शब्द कळले नाहीत म्हणून लिहिलं. त्यांच्या बाकीच्या मतांवर भांडता येईल, पण त्यांनी टोपीवर बोट ठेवलं होतं. नंतरचे कित्येक जण तेवढंही करत नाहीत. ते आपल्या शब्दांची यादी करतात, शेवटी अर्थ देतात, आणि त्याला अभ्यास म्हणतात. वायरमनच्या शब्दांचं असं कुणी करू नये म्हणून मी यादी देणार नाही. झिरी मारणे म्हणजे भिंत खोदून पाईपला वाट करणे आणि गिट्टी म्हणजे स्क्रू बसवायला भिंतीत ठोकायची खुंटी, हे लिहिलं तरी ज्यानं डोळ्यात सिमेंट जाऊ देत छातीवर हातोडा चालवला नाही त्याला झिरी कळणार नाही.

आता आकडा. गिरणगावच्या म्हाताऱ्यांना आकडा म्हटलं की मटका आठवतो. आमच्याकडं आकडा म्हणजे खांबावरच्या तारेवर टाकलेली वाकडी तार. आकडा टाकणाऱ्यासाठी पेपरवाल्यांनी एक शब्द काढलाय, 'आकडेबहाद्दर'. झोपडपट्टीत धाड पडली की चार कॉलमी हेडिंग, आकडेबहाद्दरांना दणका. आणि कारखान्यात, बंगल्यात पकडलं तर? 'मीटरमध्ये फेरफार'. फेरफार! जसं काय सातबाऱ्यावर नाव चढवलंय. २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ मी मामांच्या पुतण्याकडून समजून घेतलं. त्यात तारेवर आकडा टाकणं आणि मीटरशी खेळणं दोन्ही एकाच कलमात आहे, दोन्हीला चोरीच म्हटलंय, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कायद्यानं जो भेद केला नाही तो बातमीच्या मराठीनं केला. वायरमनची बोली इथं पेपरपेक्षा सरळ आहे. मीटरला वळसा घालून जोडलं की ते म्हणतात 'डायरेक्ट'. झोपडी असो, गाळा असो, नाहीतर साहेबाचा ब्लॉक असो, सगळ्यांना एकच शब्द. "त्या बंगल्याचा एसी डायरेक्ट हाय," मामा सांगतात, आवाज न चढवता. मी आकड्याची वकिली करत नाही. पावसाळ्यात आकड्याची तार पत्र्याला लागून पत्र्यात करंट उतरतो आणि हात लावणारा चिकटतो, हे मी पाहिलंय. वालधुनीचं पाणी २६ जुलै २००५ ला गल्लीत शिरलं, तेव्हापासून आमच्याकडं लाईटीचे बोर्ड माणसाच्या डोक्याच्या वर बसवतात. ज्याला आकडेबहाद्दर म्हणतात तो मीटर मागायला गेला तेव्हा त्याच्याकडं जागेचा कागद मागितला होता, एवढं मात्र हेडिंगमध्ये मावत नाही.

लाईटवाला या शब्दाबद्दल थोडं सांगतो. "लाईटवाला आलाय" म्हटलं की दार उघडतं. नाव कुणी विचारत नाही. जात लपवण्यावर आपल्याकडं १९६३ सालीच बाबूराव बागुलांनी गोष्टीचं पुस्तक दिलं. इथं तर धंद्याच्या नावानंच ती झाकली जाते, माणसाला काही करावं लागत नाही. मी स्वतः मामांबरोबर हेल्पर म्हणून कल्याणात घरोघर फिरलोय. मामा वायर दातानं सोलतात, सगळेच सोलतात, थुंकी लागलेली तार होल्डरमध्ये जाते आणि त्या उजेडात घरातले जेवतात. पण एका घरात देवघरातला होल्डर बदलायचा होता. मालकीणबाई म्हणाल्या, "थांबा, देव आम्ही हलवतो." मग जाता जाता चहा देताना आडनाव विचारलं. मामांनी सांगितलं. चहा आला, पण कागदी कपात. मला त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांतलं साचेखातं आठवलं. कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, म्हणून आपल्या माणसांना तिथं शिरू देत नव्हते. जास्त पगार त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही मागणी लावून धरली. धाग्याला लागलेलं तोंड दिसलं आणि तारेला लागलेलं दिसत नाही, कारण तारेवर वरून काळी टेप गुंडाळलेली असते. टेप मारणे हाही त्यांचा शब्द, पण त्यावर कुणी कविता लिहू नये, मी एक लिहिली होती आणि ती वाईट झाली.

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की हा बोलीची आरती करतोय. म्हणून पुढचं सांगायला पाहिजे. आपली बोली आपली आहे म्हणून ती चांगलीच असते असं नाही. प्लगच्या पिनेला मेल आणि सॉकेटला फिमेल म्हणतात, ठीक, तो शब्द बाहेरून आला. पण तो कसा उच्चारतात, कसे हसतात, ते आता महावितरणात खांबावर चढणाऱ्या मुलींना विचारा. पँथरच्या गोष्टी सांगणारे आपले दोस्तही त्या हसण्यात असतात.

आणि दुसरा शब्द 'मार'. वायरमनच्या भाषेत सगळं मारायचं असतं. झिरी मार, टेप मार, स्विच मार, मेन मार. हा शब्द दोन्हीकडं चालतो. कुणी म्हणतं 'पंख्याचं बटन मार', म्हणजे चालू कर. कुणी म्हणतं 'मेन मार', म्हणजे बंद कर. ज्यांना एकमेकांची सवय आहे त्यांना कळतं. मी कापड रंगवायच्या गिरणीत जिगर मशीनवर आहे, पायाखाली कायम पाणी. रात्रपाळीला खड्ड्यातला पंप अडला. खात्याचा वायरमन खाली उतरला आणि वरच्या पोराला ओरडला, "मेन मार." पोरगं परभणीकडचं, कामाला लागून सहा दिवस, ठेकेदाराचं. मेन आधी मी बंद केलेला होता, वायरमनला ते ठाऊक नव्हतं, तो बंदच कर म्हणत होता. पोरानं बंद असलेला मेन पाहिला, आणि मार म्हणजे चालू कर असं समजून दांडा वर केला. वायरमन मोटरीला चिकटला. मी दांडा खाली ओढला. जीव वाचला, उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात जबाब लिहिला. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. कागद छान मराठीत होता. "सदर कर्मचाऱ्याने वीजपुरवठा खंडित करण्याबाबत स्पष्ट सूचना दिली असता संबंधित हंगामी कामगाराने सूचनेचे उल्लंघन करून निष्काळजीपणे पुरवठा सुरू केला." मी दोनदा वाचलं. एकही शब्द असा नव्हता की जो मला कळत नाही. स्पष्ट सूचना. त्या खड्ड्याशी कुणी 'खंडित' म्हटलं नव्हतं, कुणी 'पुरवठा' म्हटलं नव्हतं. म्हटलं होतं 'मार'. त्या कागदावर 'मार' हा शब्दच नव्हता, आणि तो नसल्यामुळं पोरगं गुन्हेगार झालं होतं. रोज रात्री दोनला बदलणाऱ्या, शिकवण न मिळालेल्या, ठेकेदाराच्या पोराला मेनवर उभं कुणी केलं, हाही प्रश्न त्या मराठीत बसत नव्हता. मी सही केली. का केली ते मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे, त्याच्यावर सारवासारव करत नाही. मी तोंडी म्हणालो की साहेब, तो मार म्हणाला होता. साहेब म्हणाले, "अरे, तेच शुद्ध भाषेत लिहिलंय." पोराला काढलं. ते आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहत होतं, महिनाअखेरीला गेलं. जाताना अंकासाठी दहा रुपये वर्गणी देऊन गेलं, त्याची पावती अजून माझ्याकडं आहे.

आपले कार्यकर्ते मोर्चाचं निवेदन लिहितात तेव्हा साहेबाच्याच भाषेत लिहितात, 'सखोल चौकशी करून उचित कार्यवाही व्हावी'. कवी लिहितात तेव्हा ठिणगी आणि वणवा. मधे जो माणूस खड्ड्यात उतरून ओरडतो त्याचा शब्द दोन्हीकडं लागत नाही. जबाबात लागला असता तर निदान भांडायला जागा राहिली असती. माझ्या कवितेत तो कधी आला नव्हता, आणि त्या रात्रीनंतर लिहायला बसलो तर पहिल्या ओळीत पुन्हा 'विजेचा लोळ' आला. खोडला.

बोटं गेलेला वायरमन चार महिन्यांनी कामावर आला, डाव्या हातानं टेस्टर धरायला शिकलाय. त्यानं आणि मी मिळून एक केलं. आमच्या खात्यात आता मेनसाठी 'मार' म्हणायचं नाही. बंद करायचं तर 'पाड', चालू करायचं तर 'चढव'. एमसीबी पडला असं सगळे म्हणतातच, त्यातूनच घेतलं. पॅनेलच्या दारावर खडूनं लिहिलं, 'पाड' आणि खाली जाणारा बाण, 'चढव' आणि वर जाणारा बाण. नवीन पोरगं आलं की आधी दोन्ही शब्द त्याच्याकडून ओरडून घेतो, मशीन चालू असताना, म्हणजे आवाजात ऐकू येतं का तेही कळतं. साहेबांनी दोनदा पुसायला लावलं. बोर्डावर इंग्रजी आणि हिंदी आहे म्हणाले, हे गावठी कशाला. तिसऱ्यांदा ऑईलपेंटनं लिहिलंय. निळ्या.